देणारा मित्र गेल्यावर

गेल्या वर्षी माघात माझा मित्र गेला. अठ्ठावन्न वर्षांची ओळख. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात समोरासमोरच्या खोल्यांत आम्ही वाढलो. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा दोघांनी मिळून घरं शोधली आणि विश्वामित्री ओलांडून वासण्याला एकाच सोसायटीत राहायला आलो, तो ‘ए’मध्ये आणि मी ‘सी’मध्ये. तेव्हा भायलीच्या बाजूला नुसती शेतं होती आणि अंधार पडल्यावर वासण्याला यायला रिक्षावाले तयार होत नसत. आमचे नातेवाईक म्हणायचे, गाव सोडून कुठे जंगलात चाललात.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी चार ते सहा बेसणं होतं. बडोद्यातल्या मराठी घरांनी ही गुजराती रीत कधीच आपलीशी केली आहे. पांढऱ्या चादरी अंथरायच्या, फोटोला हार घालायचा, लोक येतात, हात जोडतात, पाच-दहा मिनिटं गप्प बसून उठतात. त्या दोन तासांत मला अजिबात ओळखू न आलेली पंधरा-वीस माणसं येऊन गेली. एक रिक्षावाला खाकी शर्टावरच आला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा कोपऱ्यात बसून रडत होता. एक भाजीवाल्या मावशी दाराबाहेरूनच नमस्कार करून निघाल्या. मी कुणालाच थांबवलं नाही, नाव विचारलं नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि मग लक्षात आलं की माझ्या मित्राचं निम्मं आयुष्य त्या माणसांजवळ होतं आणि ती दारातून परत गेली होती. पुढच्या चार महिन्यांत त्यातल्या सहा जणांपर्यंत पोचता आलं. बाकीची कोण होती ते आता कळायचं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तुमच्याकडून हे राहून जाऊ नये म्हणून लिहितो आहे. देणाऱ्या माणसाच्या आठवणी त्याच्या जवळच्यांकडे फार नसतात. तो घरी सांगत नाही, मित्रांनाही सांगत नाही. आठवणी असतात त्या ज्यांना मिळालं त्यांच्याकडे, आणि ती माणसं संकोचाने गप्प राहतात. आपण गेलो नाही तर त्या त्यांच्याबरोबरच जातात.

चपलांजवळची वही

पहिलं काम बेसण्याच्या किंवा शोकसभेच्या दिवशीच करायचं. एक लांब वही घ्या आणि ती चपला काढतात तिथे ठेवा. फोटोजवळ ठेवू नका, तिथे सगळ्यांच्या नजरा असतात आणि लोक लिहीत नाहीत. पेन दोरीने बांधा. तीनच रकाने आखा: नाव, फोन, ओळख कुठली. वहीजवळ मुलगा किंवा सून बसवू नका, त्यांना त्या दिवशी तेवढं बळ नसतं. शेजारचा एखादा कॉलेजातला मुलगा बसवा, ज्याला मराठी आणि गुजराती दोन्ही लिहिता येतं. त्याला सांगून ठेवा की ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं त्याने लिहून घ्यायचं, आणि विचारायचं एवढंच, “काकांची ओळख कुठली?” त्यापुढे एक शब्द नाही. माणूस म्हणेल, “असेच ओळखीचे होते.” तेवढंच लिहायचं. ‘असेच ओळखीचे’ या दोन शब्दांमागे त्या वहीत सर्वांत जास्त दडलेलं असतं.

वर्तमानपत्रात जाहिरात देणार असाल आणि घरच्यांनी लौकिक व्यवहार, म्हणजे लोकांनी भेटायला येणं, बंद ठेवायचं ठरवलं असेल, तर त्यात एक फोन नंबर जरूर टाका. घरचा नको, तुमचा. ज्यांना येता आलं नाही ते महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात.

मग थांबा. तेराव्यापर्यंत कुणालाही काही विचारू नका. सव्वा महिना गेला की एकेकाला भेटायला सुरुवात करा. त्यांना आपल्या घरी बोलवायचं नाही, आपण त्यांच्याकडे जायचं. माणूस आपल्या ओट्यावर, आपल्या दुकानात जितकं मोकळं बोलतो तितकं दुसऱ्याच्या सोफ्यावर बोलत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नका. मी रावपुऱ्यातून दुलीरामचे पेढे नेत असे, कारण मित्र कुणाकडेही जाताना तेच न्यायचा, आणि डबा पाहूनच समोरचा निम्मं बोलून मोकळा व्हायचा.

“ते कसे होते?” हा प्रश्न अजिबात विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: देवमाणूस होते. त्याने तुमच्या हाती काही लागत नाही. पहिल्यांदा कुठे भेटलात ते विचारा. दिवस कुठला होता, ऊन होतं की पाऊस, तो बसला होता की उभा, काय घातलं होतं, काय खाल्लं. शेवटचं कधी भेटलात आणि कशावर बोललात. पैशाचा विषय तुम्ही काढायचा नाही, निघायचा असेल तर आपोआप निघतो. आणि गप्प बसायला शिका. समोरचा थांबला की आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो, तो टाकू नका. चहा गार होऊ द्या.

भाजीवाल्या मावशी मला अशाच सापडल्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्यांची लारी बंद पडली होती. मला वाटलं होतं, मित्राने पैसे दिले असतील. मावशींनी हातगाडीच्या खालच्या खणातून एक पुठ्ठा काढला. चहाच्या पुड्याच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा, चारही कडांना सेलोटेप लावलेला. त्यावर निळ्या बॉलपेनने त्याच्या तिरक्या अक्षरात अकरा घरांचे नंबर होते आणि प्रत्येकापुढे काय हवं, काय नको. ‘बी-404, मेथी नको, पालक. ए-201, सोमवारी लिंबं दहा. सी-103, आजी आहेत, पिशवी दाराला अडकवणे.’ त्याने अकरा घरी फोन करून त्यांची रोजची भाजी मावशींकडे लावून दिली होती. मावशींचा मुलगा पिशव्या पोचवायचा. टाळेबंदी उठली, लारी पुन्हा उभी राहिली, पण त्यातल्या सात घरांचा रतीब अजून चालू आहे. सी-103 मधल्या आजी म्हणजे माझी आई. त्या पिशव्या कोण पाठवतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, वाटलं होतं की सोसायटीची व्यवस्था आहे.

अशी वस्तू दिसली की मागून घेऊ नका. ती त्यांची आहे. फोनवर तिचा फोटो काढा, उजेडात, वरून सरळ. एक पूर्ण आणि एक अक्षर वाचता येईल असा जवळून.

आकडा, साल, निमित्त

ऐकलेलं त्याच रात्री लिहून काढा आणि लिहिताना आकडे गाळू नका. ‘अडचणीला मदत केली’ असं लिहिलेलं दहा वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही. कधी, किती, कशासाठी हे उरलं तर माणूस उरतो.

आपल्याच शहराला जोडलेलं एक उदाहरण देतो. सप्टेंबर 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी उतारगृहात ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. बडोद्यातल्या दोन ओळखीच्यांना त्यांनी विचारलं, दोघांनाही त्यांना घरात घेणं जमलं नाही. कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, ते काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. त्या प्रसंगाची आठवण असलेली सयाजीबागेतली संकल्पभूमी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच माणसाचा जन्मभराचा एक मित्र पारशी होता, हे बडोद्यात कमी जणांना माहीत असतं. नवल भथेना. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी वसतिगृहात दोघं एकत्र राहिले होते. 1920 साली आंबेडकर अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी त्यांना 5,000 रुपये उसने दिले. 1923 मध्ये परत आल्यावर वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच धावून आले.

ही हकिकत आपल्यापर्यंत पोचली ती आकडा आणि साल यांच्यासकट. चरित्रकारांनी ते टिपून ठेवलं. ‘एका पारशी मित्राने वेळोवेळी साहाय्य केलं’ एवढंच कुणी लिहिलं असतं तर भथेना कधीच पुसले गेले असते. 1920 सालचे पाच हजार म्हणजे काय हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं, आणि ज्या गावाने भथेनांच्या मित्राला तीन वर्षांपूर्वी बागेत बसवलं त्या गावातून निघालेल्या प्रवासातला हा पुढचा टप्पा होता, हेही दिसतं.

म्हणून माझ्या वहीत असं लिहिलं आहे: ‘जून, शाळा उघडायच्या आधीचा रविवार. तीन मुलांची पाठ्यपुस्तकं, वह्या आणि एकाचे बूट. बूट एक नंबर मोठे घेतले, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून, आणि पुढे कापूस भरून दिला.’ कापसाचं त्या मुलाने सांगितलं. तोच तो ओळखपत्रवाला.

नाव कुणाचं घ्यायचं

आता ज्या गोष्टीत चांगली चांगली माणसं चुकतात तिकडे वळतो. शोकसभेत कुणीतरी गहिवरून उठतं आणि सांगतं, “अमक्यांच्या मुलीचं लग्न त्यांनी लावून दिलं. तमक्याच्या ऑपरेशनचा खर्च त्यांनी केला.” अमके आणि तमके समोरच्या रांगेत बसलेले असतात. बोलणाऱ्याच्या मनात मित्राचा गौरव असतो, पण ज्या माणसाने ते दान आयुष्यभर झाकून ठेवलं त्याचं झाकण आपण भर सभेत उघडतो. मुलीच्या सासरचे तिथे असले तर आणखीच वाईट.

माझा मित्र नेत्रदान करून गेला. नेत्रपेढीचे लोक तासाभरात आले, अगदी अदबीने काम करून गेले. (हे सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे, मधुमेह्यांचेही डोळे चालतात, म्हणून आपल्याच मनाने नको म्हणू नका, फोन करून विचारा.) त्याच्या मुलाने विचारलं, डोळे कुणाला बसवणार? त्यांनी शांतपणे सांगितलं, ते कळवत नाहीत. घेणाऱ्यालाही देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. मुलाला तेव्हा थोडं लागलं. मला वाटतं, आपणही हाच नियम पाळावा. काय दिलं ते सांगा, कसं दिलं ते भरपूर सांगा, कुणाला ते त्या माणसाने आपल्या तोंडाने परवानगी दिल्याशिवाय सांगू नका. वहीत नाव लिहिलं तरी सभेत आणि छापील पुस्तिकेत ते गाळा. लग्न, आजारपण, कर्ज, दारू, पोलीस या पाच बाबतींत परवानगी मिळाली तरी मी नाव घेत नाही. आज हो म्हणणाऱ्या माणसाची मुलं उद्या मोठी होतात.

आणि एक माणूस असा आहे की ज्याचं नाव हमखास राहून जातं.

सगळ्या भेटी झाल्यावर शेवटी मी वहिनींकडे गेलो. खरं तर सर्वांत आधी जायला हवं होतं. मी वही वाचून दाखवली. त्या ऐकत राहिल्या, मधूनमधून दुरुस्त्या सांगत होत्या. बूट तीन मुलांना घेतले होते, एकाला नाही. कापूस त्यांनी पिंजून दिला होता. लॉकडाऊनमधले अकरा फोन त्यांनी केले होते, तो नुसता लिहीत होता, कारण शेजारणींशी बोलायला तो लाजायचा. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “भाऊजी, एक लिहा. त्या वर्षी दिवाळीला मला साडी झाली नाही. मी बोलले होते त्यांना, चांगलंच बोलले होते.” मी ते लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. मित्राच्या औदार्याची किंमत दर महिन्याला घरात कुणीतरी मोजत होतं. ते लिहिलं नाही तर वही खोटी पडते. देणाऱ्या माणसाबद्दल बोलाल तेव्हा त्याच्या बायकोला, आईला, नवऱ्याला आधी विचारा, आणि त्यांचा राग सांगितला तर तो गोड करून लिहू नका.

घरचं आधी

अशी माणसं मागे फारसं ठेवून जात नाहीत. म्हणून पुस्तिका, सभा, पुरस्कार यांच्या आधी घरची कागदपत्रं बघा. मित्राची आठवण म्हणून करण्यासारखं यापेक्षा मोलाचं दुसरं काम मला माहीत नाही आणि तेच कुणी करत नाही.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला तर तिथून कळवलं जातं, घरी झाला तर आपल्याला महानगरपालिकेत कळवावं लागतं. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षरशः जुळतं आहे ना, हे दाखला काढायच्या आधी तपासा. मराठी नावांचं गुजरातीत आणि गुजरातीतून इंग्रजीत जाताना हमखास काहीतरी होतं, आडनावातला एक ‘ए’ वाढतो आणि पुढे सहा महिने बँकेत खेटे घालावे लागतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. पेन्शन, बँक, विमा, गॅस, एमजीव्हीसीएलचं लाइट बिल, सोसायटीचा शेअर दाखला, प्रत्येक ठिकाणी लागतो. घर नावावर करायला पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, लागतो, त्याला साक्षीदार लागतात. आपण होऊन साक्षीला उभे राहा. वहिनींबरोबर बँकेत जायचं ते एकदा नाही, काम होईपर्यंत. सहा खेपांपैकी चार खेपांना नुसतं शेजारी बसायचं असतं.

आता उसनवारी. देणाऱ्याची वही बहुतेक वेळा सापडतेच. माझ्या मित्राची कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती, त्यात आद्याक्षरं आणि रकमा. काहींवर रेघ मारलेली, काहींवर नाही. मुलाने मला विचारलं, काय करू? मी सांगितलं, वही आईच्या स्वाधीन कर आणि कुणालाही फोन करू नकोस. घरच्यांनी त्या वहीवरून वसुलीला निघू नये असं माझं ठाम मत आहे, घरात खरीच ओढाताण असेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही, म्हणजे ज्यांनी घेतलं होतं त्यांनी, तेराव्यानंतर आपल्या पायांनी जावं. एवढे घेतले होते, एवढे राहिले, असं सांगून पाकीट ठेवावं. एकदम जमत नसेल तर हप्ता बांधून घ्यावा. त्या वहीत माझंही आद्याक्षर होतं, 1986 मधले 800 रुपये. माझ्या वडिलांच्या आजारपणातले. मी फेडल्याचं मला आठवत होतं, वहीत रेघ नव्हती. मी पुन्हा दिले. वहिनी नको म्हणाल्या, मग जूनमधल्या पाठ्यपुस्तकांसाठी ठेवून घेतल्या.

बोलायचं आणि जपायचं

सभेत बोलायचं असेल तर चार मिनिटांवर जाऊ नका. हाताने लिहिलेली दोन पानं, एकच प्रसंग. परोपकारी, दिलदार, अजातशत्रू, निगर्वी हे शब्द कागदावर आले तर खोडा आणि ज्या प्रसंगामुळे ते सुचले तो प्रसंग लिहा. पु. ल. देशपांड्यांची ‘गणगोत’ आणि ‘गुण गाईन आवडी’ ही पुस्तकं बहुतेक मराठी घरांत असतात. आधी त्यातलं एखादं व्यक्तिचित्र पुन्हा वाचा आणि माणसाचे हात काय करताहेत, तो काय बोलतोय, समोर ताटात काय आहे, यावर किती ओळी खर्च केल्या आहेत ते बघा. कागद वाचून दाखवायला लाजू नका. गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, उरलेलं शेजाऱ्याला वाचायला द्या. सभा बडोद्यात असेल तर अर्धे लोक गुजराती असतात, एक तरी माणूस गुजरातीत बोलायला ठेवा. आमच्याकडे रिक्षावाले भाई तीन वाक्यं बोलले आणि सभा तिथेच पूर्ण झाली.

फोटो जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून हलक्या हाताने काढा, निघत नसतील तर पानासकटच स्कॅन करा. लॅमिनेट करू नका, पुढे ते निघत नाही. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. फोटोत कोण कोण आहे हे सांगणारी माणसंही सत्तरीच्या पुढची असतात, तेव्हा हे काम दिवाळीपर्यंत ढकलू नका.

आवाजाचं तर आणखी घाईचं असतं. बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवर मित्राचे पाच-दहा सेकंदांचे निरोप पडलेले असतात: “अरे, दूध आणलंय, तुझ्या दाराशी ठेवतो.” ते कुणी जपत नाही. आपल्या फोनवरचे निरोप आजच दुसरीकडे उतरवून घ्या. त्याच्या फोनचं रिचार्ज घरच्यांना चालू ठेवायला सांगा. नंबर काही महिने बंद राहिला की दुसऱ्याला दिला जातो, आणि 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं काढून टाकलं जातं. त्याचा फोन उघडायचा असेल तर घरच्यांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर, आणि त्यातले निरोप वाचत बसायचं नाही.

पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची इच्छा सगळ्यांनाच होते. आधी यादी करा, मग ग्रंथपालांना भेटा. आपल्या सेंट्रल लायब्ररीपासून सोसायटीच्या कपाटापर्यंत कुणालाही पोत्यातून आणलेला ढीग नको असतो. वाळवी लागलेली, पानं सुटलेली पुस्तकं आधीच बाजूला काढा. ज्या पुस्तकांवर त्याने समासात काही लिहिलं आहे ती देऊ नका. ती पुस्तकं एकेका मित्राला द्या.

नावाचा बाक, नावाची ढाल, नावाचा पुरस्कार याबद्दल मी थोडा साशंक आहे. कीर्तिमंदिर बांधायला सयाजीरावांसारखा राजा लागतो आणि भिंतींवर चित्रं काढायला नंदलाल बोस. आपल्यासारख्यांच्या ढाली चौथ्या वर्षी शाळेच्या माळ्यावर जातात. टिकतं ते रोज वापरात असलेलं. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराकडे बघा. प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या उस्तादांचं नाव आखाड्याला दिलं आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं घाम गाळत राहिली, म्हणून एका मुसलमान उस्तादाचं नाव आजही मराठी पोरांच्या तोंडी आहे. आखाडा बंद पडला असता तर पाटी कुणी वाचली असती?

तेव्हा त्याच्या दहा कामांपैकी एकच निवडा. जे तुमच्याच्याने तुमच्या वयात, तुमच्या पैशांत होईल ते. मोठा संकल्प सोडून पहिल्याच वर्षी थांबण्यापेक्षा लहान काम बरं. सोबतीला एक तरुण माणूस घ्या.

आम्ही पाणपोई घेतली. होळीपासून पाऊस पडेपर्यंत सोसायटीच्या फाटकाबाहेर तो दोन माठ ठेवायचा. गुजरातीत परब म्हणतात. मला वाटायचं, त्यात काय एवढं, पाणी भरायचं. पहिल्याच आठवड्यात कळलं की त्यात बरंच आहे. नवा माठ दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर मातीचा वास येतो. खाली वाळू ओली ठेवली की पाणी जास्त गार राहतं. झाकण जड हवं, कावळे ढकलतात. माठात कुणी पेला बुडवू नये म्हणून लांब दांड्याचा डोया हवा आणि तो साखळीने बांधलेला हवा. साखळी इतकी लांब हवी की सायकलवर बसूनच माणसाला पाणी घेता यावं. ही साखळीची लांबी त्याने बरोबर मोजून ठेवली होती, आम्ही नवी आखूड आणली आणि कुरिअरवाल्या मुलाने सांगितलं, “काका, जुनी लावा.” माठ रोज आतून नुसत्या नारळाच्या शेंडीने घासायचा, साबण लावायचा नाही. छिद्रं बुजली की गारवा जातो, मग माठ बदलावा लागतो. जुना माठ फेकायचा नाही, पक्ष्यांसाठी खालचा भाग कापून ठेवता येतो.

खर्च म्हणाल तर उन्हाळाभरात सहा घरांत वाटून जाणवतही नाही. अडचण असते ती सकाळी उठायची. आमची पाळी लावलेली आहे: सोमवार-मंगळवार मी, बुधवारी तो ओळखपत्रवाला पोरगा, जो आता अटलादऱ्याहून येतो, गुरुवार-शुक्रवार ‘बी’मधले शाह, शनिवार-रविवार मित्राचा मुलगा. पाणी साडेसहाच्या आत भरतो, कारण सातला सफाईच्या बायका येतात आणि पहिला डोया त्यांचा असतो. मे महिन्यात दुपारी दोनला पुन्हा एकदा खाली उतरून बघावं लागतं. ती दोनची पाळी वहिनींनी स्वतःकडे घेतली आहे.